साडेतीन हजारांची मान

अपघातानंतर मराठी माणसाच्या तोंडून निघणारं पहिलं वाक्य बहुधा विमा कंपनीच्या फायद्याचं असतं. मागून धडक बसते, मान पुढे जाऊन मागे येते, बंपर लोंबायला लागतो, आणि हा गाडीतून उतरता उतरता चारचौघांना सांगून मोकळा होतो, ‘काही नाही हो, थोडंसंच लागलंय.’ मग तो बंपरकडे बघतो आणि तिथे मात्र त्याच्या काळजाला खरी जखम होते. ठाण्यात किंवा कोथरुडात या वाक्याला कुणी धरून बसत नाही. बोलायची रीत आहे म्हणून ते बोललं जातं. पण हाच माणूस कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात, मिसिसॉगा किंवा ब्रॅम्प्टनला राहत असेल, तर तेच वाक्य इस्पितळाच्या नोंदीत आणि विमा कंपनीच्या अ‍ॅडजस्टरच्या टिपणात जाऊन बसतं, आणि दीड वर्षाने, मान अजून वळत नसताना, त्याच्याच विरुद्ध पुरावा म्हणून बाहेर येतं. तिथे ‘थोडंसंच लागणं’ याचा भाव ठरलेला आहे: जास्तीत जास्त ३,५०० डॉलर. हा भाव कशावरून ठरतो ते बघायला गेलं की एक गंमत लक्षात येते. विमा कंपनी जखम मोजते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती जखमेविषयीचे कागद मोजते. ज्याच्याकडे कागद जास्त त्याची जखम मोठी. आणि ज्याने जन्मभर ‘काही नाही हो’ म्हणत दिवस काढले त्याची जखम, हाड मोडलेलं नसेल तर, किरकोळच.

ऑन्टारियोच्या मोटार विम्यात ‘किरकोळ दुखापत’ नावाची ही स्वतंत्र पेटी १ सप्टेंबर २०१० पासून आली. चूक कुणाची, हा प्रश्न इथे उद्भवत नाही. उपचारांचा खर्च ज्याने त्याने आपल्या विमा कंपनीकडे मागायचा. प्रश्न फक्त किती मिळणार एवढाच. मुरगळणं, स्नायू ताणला जाणं, मानेला झटका बसून होणारा व्हिपलॅश, मुका मार, खरचटणं, कापणं आणि सांधा अर्धवट निखळणं, या सात गोष्टी आणि त्यांच्या शेपटीला धरून येणारी दुखणी किरकोळ ठरतात. यात बसलात तर ३,५०० डॉलर. यातून सुटलात तर, २०१६ पासूनच्या नियमाप्रमाणे, उपचार आणि देखभाल मिळून ६५,००० डॉलरपर्यंत. आणि अतिगंभीर ठरलात तर दहा लाख. साडेतीन हजार आणि पासष्ट हजार यांच्यामध्ये एकही पायरी नाही. व्याख्या तर मुळातून वाचण्यासारख्या आहेत. लिगामेंट किंवा स्नायू अंशतः फाटला तर दुखापत किरकोळ. पूर्ण फाटला तर ती या यादीतून बाहेर. सांधा अर्धा निखळला तर किरकोळ, पुरता निखळला तर नाही. अर्धवट फाटलेलं लिगामेंट कधीकधी पूर्ण तुटलेल्यापेक्षा जास्त ठणकतं, ही गोष्ट या हिशेबात कुठेच येत नाही. बाही अर्धी उसवली काय आणि पुरती उसवली काय, तो सदरा घालून लग्नाला जाता येत नाही, हे शिंप्यालाही कळतं. नियमावलीला मात्र आधी बाही पुरती फाडून आणलेली हवी असते.

या पेटीला तिकडचे फिजिओ, वकील आणि अ‍ॅडजस्टर ‘मिग’ म्हणतात. ‘पेशंट मिगमध्ये आहे’, ‘मिगमधून काढायला बघतोय’ अशी त्यांची भाषा. आपल्याकडे मिग म्हणजे लढाऊ विमान. तेव्हा त्यातून सुखरूप बाहेर पडणं कुठेच सोपं नाही असं समजायला हरकत नाही. मिगच्या आतली व्यवस्था मोठी टापटिपीची आहे. उपचार बारा आठवड्यांचे, चार-चार आठवड्यांच्या तीन गटांत. पहिल्या तपासणीचे २१५ डॉलर. पहिल्या गटाचे ७७५, दुसऱ्याचे ५०० आणि तिसऱ्याचे २२५. म्हणजे मानेने कोणत्या वेगाने बरं व्हावं हे दरपत्रकातच लिहून ठेवलेलं आहे. पहिल्या महिन्यात मान पूर्ण रकमेची दुखू शकते, दुसऱ्या महिन्यात तिने एक तृतीयांश दुखणं सोडून द्यावं, आणि तिसऱ्या महिन्यात २२५ डॉलरांत भागेल इतपतच कुरकूर करावी. अर्जांनाही क्रमांक आहेत: ओसीएफ-१ ने आपण लाभ मागायचे, ओसीएफ-२३ मध्ये फिजिओने किंवा कायरोप्रॅक्टरने ‘होय, हे किरकोळच आहे’ असं कळवून काम सुरू करायचं, आणि किरकोळच्या पलीकडचे उपचार हवे असतील तर ओसीएफ-१८. ज्याला आपल्या मानेबद्दल अजून काहीच कळलेलं नसतं, अशा माणसाचं वर्गीकरण पहिल्याच आठवड्यात भरलेल्या एका फॉर्मच्या क्रमांकावरून व्हायला लागतं. पुढे मान बिघडली तरी फाईलवरचा पहिला क्रमांक पुसला जात नाही.

आता या पेटीतून बाहेर पडायची वाट बघू, कारण माझा मुद्दा तिथे सगळ्यात उघडा पडतो. अपघातापूर्वीच तुम्हाला एखादा आजार असेल आणि त्यामुळे साडेतीन हजारांत तुम्ही पूर्ण बरे होऊ शकणार नसाल, तर तुम्हाला मिगमधून सूट मिळते. अट एकच: तो आजार अपघाताच्या आधीच एखाद्या वैद्यकीय व्यावसायिकाच्या नोंदीत आलेला हवा. ही ‘आधीच’ची अट २०१४ साली आणखी आवळण्यात आली. वरवर पाहता यात गैर काही नाही. अपघातानंतर जुनी कंबरदुखी आठवणारे लोक जगात पुष्कळ असतात. पण या अटीचा खरा बळी कोण? ज्याची कंबर दहा वर्षं दुखतेय, पण ज्याने ती बाम, शेक आणि ‘बसण्याची सवय चुकीची आहे’ या तीन औषधांवर निभावून नेली, तो. शेजारचा माणूस दर दोन महिन्यांनी डॉक्टरला कंबर दाखवत आला असेल, तर त्याच्या नावावर रीतसर कंबर आहे. याच्या नावावर नाही. त्यातून हा माणूस चार वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून तिकडे गेलेला असला तर बघायलाच नको. त्याचा सगळा वैद्यकीय इतिहास डोंबिवलीच्या घरी कपाटावर, गुंडाळलेल्या एक्स-रेच्या आणि औषधांच्या दुकानातून मिळालेल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या रूपात पडलेला असतो. पिशवीतल्या चिठ्ठ्यांवर डॉक्टरचं अक्षर असतं, ते दुकानदाराखेरीज कुणाला लागत नाही, आणि निम्म्या चिठ्ठ्यांवर निदान नसून फक्त गोळ्यांची नावं असतात. सोसणं हा गुण आहे असं आपल्याला लहानपणापासून शिकवलं जातं. ऑन्टारियोच्या नियमावलीपुढे तो पुराव्याचा अभाव ठरतो. म्हणून तिकडे राहणाऱ्याने धडकेनंतर ‘काही नाही’ म्हणण्याऐवजी ‘अजून कळलं नाही’ एवढंच म्हणावं. ते खरंही असतं आणि महागही पडत नाही.

दुसरी वाट दुखण्याच्या मुदतीची. दुखणं हटतच नाही, जुनाट होऊन बसलं आणि त्यामुळे रोजचं जगणं अडलं, असं सिद्ध केलं तर मिगमधून सुटका होऊ शकते. हे सिद्ध कुठे करायचं? २०१६ च्या एप्रिलपासून हे तंटे ज्या न्यायाधिकरणापुढे जातात त्याचं नाव लायसन्स अपील ट्रिब्युनल. म्हणजे तिकडे दुखायलाही एक प्रकारे लायसन्स लागतं. तिथल्या बऱ्याच निकालांत अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मार्गदर्शिकेतले सहा निकष वापरलेले दिसतात आणि त्यांतले तीन जुळले तर दुखणं जुनाट मानलं जातं. औषधं ठरल्यापेक्षा जास्त काळ घेणं हा एक. डॉक्टर, जोडीदार किंवा घरच्यांवर अती अवलंबून राहणं हा दुसरा. हालचाल बंद पडून अंग दुबळं होणं, लोकांत मिसळणं सोडणं, पूर्वीसारखं कामाला न लागणं आणि मनावर परिणाम होणं हे बाकीचे. आता जो नवरा अपघातापूर्वीही स्वतःचा टॉवेल स्वतः शोधू शकत नव्हता, त्याचं बायकोवरचं अवलंबन अपघातामुळे ‘अती’ झालं हे कुठल्या पट्टीने मोजणार? मंडळाच्या गणेशोत्सवाच्या मीटिंगला जाणं ज्याने बंद केलं, त्याने ते दुखण्यामुळे केलं की शहाणपणामुळे, हे कोण ठरवणार? ठरवतो तो अहवाल. म्हणजे निकष कितीही माणसाच्या जगण्याविषयी असोत, शेवटी तिथे माणूस नव्हे, तर त्याच्या जगण्याविषयी कुणीतरी लिहिलेली पानं हजर होतात. हे सिद्ध करायचं कुणी, यावरही वाद झाला. २०१३ साली एका लवादाने म्हटलं की मर्यादा लावते विमा कंपनी, तेव्हा सिद्ध तिने करावं. अपिलात तो निर्णय उलटला, आणि २०१५ साली डिव्हिजनल कोर्टानेही अपिलाचीच बाजू उचलून धरली. जखमी माणसानेच आपण किरकोळ नाही हे पटवून द्यायचं.

हा एका प्रांताचा विक्षिप्तपणा आहे असं कुणाला वाटेल, म्हणून तीच मान घेऊन इंग्लंडला जाऊ. तिथे ३१ मे २०२१ पासून व्हिपलॅशचं सरकारी दरपत्रक आहे, आणि ते लिगामेंट-स्नायूंच्या फंदात न पडता थेट महिन्यांवर चालतं. सुरुवातीचे दर असे होते: तीन महिन्यांपर्यंत दुखलं तर २४० पौंड. तीन ते सहा महिने, ४९५. नऊ ते बारा, १,३२०. दीड ते दोन वर्षं, ४,२१५. प्रत्येक आकड्याशेजारी दुसरा रकाना आहे: मानेबरोबर मनालाही किरकोळ त्रास झाला असेल तर. पहिल्या ओळीत त्या रकान्यात २६० पौंड होते. तीन महिन्यांची झोपमोड, पुन्हा गाडी चालवताना धडधडणारी छाती आणि मागे हॉर्न वाजला की दचकणं, या सगळ्याची किंमत २० पौंड. २०२५ साली हे दर सुमारे १५ टक्क्यांनी वाढवले, म्हणजे मनाचीही थोडी महागाई झाली. त्यातून हे दर मोटारीत बसलेल्यांना. मोटारसायकलवरच्या माणसाची मान याच वेगाने, याच दिशेने हलली तरी तिला हे दरपत्रक लागू नाही. आणि दुखणं अकरा महिन्यांचं की तेरा, हे सांगतो कोण? दावा बहुतेक वेळा मान बरी होण्याआधीच चालू असतो, तेव्हा वैद्यकीय अहवाल लिहिणारा तज्ज्ञ पुढचे महिने अदमासाने सांगतो. त्याने ‘बारा महिन्यांच्या आत’ लिहिलं तर २०२१ च्या दराने १,३२० आणि ‘बाराहून थोडं अधिक’ लिहिलं तर २,०४०. मानेला या ७२० पौंडांची खबरही नसते.

आणि आपल्याकडे? आपला कायदा ना स्नायू बघतो ना महिने. तो हाडं, दात आणि दिवस बघतो. चूक कुणाची हे सिद्ध न करता भरपाई मिळण्याची जी सोय मोटार वाहन कायद्यात आहे, तिच्यात १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये आहेत. ठोकर मारून पळून गेलेल्या गाडीच्या बाबतीत दोन लाख आणि पन्नास हजार. गंभीरच्या खाली काहीच नाही. त्याआधी, २०१८ च्या दुरुस्तीने, किरकोळ दुखापतीला सरसकट २५,००० रुपये ठेवले होते. चार वर्षांत ती ओळच गेली. किरकोळ जखमींनी आता समोरच्याचा निष्काळजीपणा सिद्ध करत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात तारखा मोजाव्यात. गंभीर म्हणजे काय, याची यादी इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घालून दिली तीच थोड्या फरकाने चालू आहे. हाड किंवा दात मोडला, निखळला तर दुखापत गंभीर. म्हणजे हलत असलेला दात अपघातात पडला तर कायद्याच्या लेखी तुम्ही गंभीर जखमी, आणि पाच दिवस मान वळली नाही तर किरकोळ. यादीतलं शेवटचं कलम वीस दिवसांचं होतं: तेवढे दिवस तीव्र वेदना झाल्या किंवा नेहमीचे व्यवहार करता आले नाहीत तर दुखापत गंभीर. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली आणि वीसचे पंधरा झाले. ३० जूनला सोळा दिवस अंथरुणावर पडेल अशी जखम किरकोळ होती, दुसऱ्या दिवसापासून तीच गंभीर झाली. वेदनेत फरक पडला नाही, राजपत्रात पडला. आणि दिवसांचा दाखला डॉक्टर देतात, तेव्हा इथेही गाडी कागदावरच येऊन थांबते. न तपासलेल्या माणसाला तयार दाखले देणाऱ्या डॉक्टरांपासून न्यायाधिकरणांनी सावध राहावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच बजावलं होतं. तसं बजावावं लागतं, यातच सगळं आलं.

यावर विमा कंपनीची बाजू मांडणाऱ्याचा पहिला आक्षेप तयार असतो, आणि तो हलका नाही. तो म्हणेल, मान हा असा अवयव आहे की तो पैशाच्या वासाने दुखतो. पुरावाही आहे. १९९६ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिथुआनियातला एक अभ्यास छापून आला. मागून धडक बसलेल्या २०२ चालकांना एक ते तीन वर्षांनी विचारलं. त्यांच्यात आणि अपघात न झालेल्या लोकांत जुनाट मानदुखीचा म्हणावा असा फरक नव्हता. तिथे अशा दुखापतीला विम्याचे पैसे मिळण्याची पद्धत जवळपास नव्हतीच. जर्मनीत तर २००१ साली ५१ स्वयंसेवकांना धडक बसल्याचा नुसता भास करून दिला. गाडी प्रत्यक्षात जागची जवळपास हललीही नाही. तरी पुढच्या काही दिवसांत जवळपास पाचातल्या एकाला त्रास जाणवायला लागला. आणि कॅनडातल्याच सस्कॅचवान प्रांतात १९९५ च्या सुरुवातीला वेदनेबद्दल भरपाई देणं बंद केलं, तेव्हा व्हिपलॅशचे दावे २८ टक्क्यांनी घटले आणि दावा मिटायला लागणारा काळ साधारण ४३३ दिवसांवरून दोनशेच्या आसपास आला. मग मर्यादा घालण्यात चूक काय? दुखणं निम्मं खिशात असेल तर उपचारही खिशावरच करावा. आक्षेप बिनतोड वाटतो, पण जरा सावकाश वाचला तर तो माझ्याच बाजूने साक्ष देतो. हे अभ्यास लोक खोटं बोलतात असं सांगत नाहीत. जर्मनीतल्या त्या स्वयंसेवकांपुढे विम्याचा कुठलाच दावा नव्हता. ते एवढंच सांगतात की आपल्याला दुखणार आहे अशी अपेक्षा मनात रुजवली की दुखतं. आता ज्या व्यवस्थेत आपण बरे झालो नाही हे माणसाला महिनोन्‌महिने, फॉर्म भरभरून, तज्ज्ञांसमोर उभं राहून पटवून द्यावं लागतं, तिच्याइतकी ही अपेक्षा मन लावून दुसरं कोण रुजवणार? बरा झालो म्हटलं तर लाभ गेले आणि नाही म्हटलं तर मान गेली, अशा कात्रीत धरलेला माणूस मान सोडून देतो. सस्कॅचवानने मर्यादा घातली एवढंच नाही. भांडणही काढून टाकलं. ऑन्टारियोने मर्यादा ठेवली आणि भांडणही ठेवलं.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. रेघ कुठेतरी ओढावीच लागते. मुरगळलेल्या मनगटाला आणि मोडलेल्या मणक्याला एकाच रांगेत उभं करता येत नाही. बहुतेक लोक काही आठवड्यांत बरे होतातच, आणि सगळ्यांच्या सगळ्या दुखण्यांचा खर्च करायचा तर प्रीमियम भरणार कोण? यातलं प्रत्येक वाक्य मला मान्य आहे. बहुतेकांना साडेतीन हजार पुरतात. रेघेला माझी ना नाही. माझा आक्षेप रेघ राखण्याच्या खर्चाला आहे. मिगमधून सुटू पाहणाऱ्या माणसाला विमा कंपनी आपल्या तज्ज्ञाकडे तपासणीला पाठवू शकते, आणि अशा एका तपासणीवर नियमाप्रमाणे २,००० डॉलरपर्यंत खर्च करू शकते. अस्थितज्ज्ञ एक, मानसतज्ज्ञ दुसरा. दोन तपासण्या झाल्या की ज्या मर्यादेचं रक्षण चाललंय तिच्याहून जास्त पैसे तिच्या पहारेकऱ्यांवर गेलेले असतात. पैसे वाचवण्याच्या नावाखाली चाललेली ही उधळपट्टी एखाद्या कंपनीच्या खोडीतून येत नाही. ऑन्टारियो सरकारने नेमलेल्या डेव्हिड मार्शल यांनी २०१७ साली अहवाल दिला, तेव्हा त्यांना आढळलं की लाभांवरच्या खर्चाचा साधारण एक तृतीयांश भाग उपचारांवर जातच नाही. तो परस्परविरोधी तज्ज्ञांची मतं, वकिलांची फी आणि कंपन्यांचा बचाव यांवर जातो. कॅनडात सगळ्यात कमी अपघातांच्या रांगेत असलेला प्रांत सगळ्यात महाग विमा भरतो, हेही त्यांनीच दाखवलं. तेव्हा ‘प्रीमियम कोण भरणार’ हा प्रश्न विचारायचाच असेल तर मानेला विचारू नये. मान बिचारी २२५ डॉलरांत गप्प बसायला तयार होती.

तिसरा आक्षेप सगळ्यात प्रामाणिक: वेदना दिसत नाही, कागद दिसतो, मग कागद मोजण्यावाचून गत्यंतर काय? खरं आहे. न्यायाधीशाला दुसऱ्याची मान आपल्या खांद्यावर लावून बघता येत नाही. पण कागद मोजायचेच तर निदान योग्य कागद मोजावेत. आज मोजला जातो तो कोणत्या ऊतीला काय झालं याचा आणि अपघाताआधी कोण डॉक्टरकडे गेला होता याचा कागद. त्याऐवजी दोन महिन्यांनी हा माणूस मान वळवून गाडी रिव्हर्स घेतो का, सलग तासभर खुर्चीत बसतो का, मुलाला उचलतो का, रात्री झोपतो का, एवढं लिहिलं तरी जास्त कळेल. हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. ऑन्टारियो सरकारसाठीच डॉ. पिएर कोटे यांच्या नेतृत्वाखाली संशोधकांनी जो मोठा अहवाल तयार केला, आणि जो २०१५ साली बाहेर आला, त्याच्या शीर्षकातच भर होता जखमी माणसावर. त्यात दुखापतींची विभागणी नेहमीच्या क्रमाने बऱ्या होण्याच्या शक्यतेनुसार करा, वेळोवेळी तपासत राहा, आणि जो ठरल्या काळात बरा होत नाही त्याला पुढचे उपचार द्या, अशी मांडणी होती. म्हणजे पहिल्या दिवशी शिक्का मारायचा नाही. शरीराला थोडी संधी द्यायची आणि ते काय म्हणतंय ते ऐकायचं. एवढा सरळ विचार असल्यामुळेच बहुधा तो अजून अहवालातच सुखरूप आहे. ३,५०० चा आकडा मात्र २०१० पासून तसाच आहे. दूध वाढलं, भाडं वाढलं, फिजिओची फी वाढली. एवढ्या वर्षांत महागाईची एकही धडक न बसलेली ऑन्टारियोतली ही एकमेव वस्तू असावी.

तेव्हा सगळा खटाटोप एका कबुलीवर येऊन थांबतो. तिजोरी मर्यादित असते आणि ती वाटण्याचा काहीतरी नियम लागतो, यात लाजण्यासारखं काही नाही. लाजण्यासारखं हे आहे की तो पैशांचा नियम वैद्यकशास्त्राचा कोट घालून येतो आणि जखमी माणसाला सांगतो की तुझं शरीर किरकोळ आहे. सरळ लिहावं: सुरुवातीला प्रत्येकाला इतके डॉलर, प्रश्न न विचारता, तेवढ्यात बरा झाला नाही तर ठरल्या दिवशी, कंपनीचा नाही आणि वकिलाचाही नाही असा एक डॉक्टर तो काय करू शकतो ते बघेल, आणि मधल्या पायरीवर आणखी इतके. साडेतीन हजार आणि पासष्ट हजार यांच्यामध्ये एक पायरी बांधली तर उडी मारताना मान मोडून घेणाऱ्यांची संख्याही कमी होईल. असं झालं तर जखमी माणसाला बरं व्हायला मोकळीक मिळेल, डॉक्टरांना डॉक्टरकी करायला वेळ मिळेल, आणि कंपनीचेही पैसे वाचतील. नुकसान होईल ते अहवालावर अहवाल लिहिणाऱ्यांचं आणि त्यांना खोडून काढणारे अहवाल लिहिणाऱ्यांचं. त्यांचं ते नुकसान मात्र जगातल्या कुठल्याही व्याख्येप्रमाणे, कुठलाही दाखला न मागता, किरकोळ म्हणता येईल.